ही साथ इथे आणली कोणी? विषाणूचा जिनोम काय सांगतो

नवी साथ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मला हे कोणाकडून लागलं असेल?" रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरचे लोक मनातल्या मनात गेल्या आठ-दहा दिवसांतले पाहुणे मोजू लागतात. हाच प्रश्न मोठा होऊन सोसायटीत, गावात आणि मग टीव्हीवर पोहोचतो. हा आजार इथे आणला कोणी? २०२० मध्ये या प्रश्नापायी परदेशातून परतलेल्या मुलांच्या घरच्यांशी शेजाऱ्यांनी बोलणे सोडले. मुंबई-पुण्याहून गावी निघालेल्यांना वेशीवर अडवले गेले. "माझ्यामुळे बाबांना झाला" ही सल घेऊन जगणारी माणसे तर आजही भेटतात.

हा प्रश्न तपासून पाहण्याचे एक शास्त्रीय साधन आता आपल्याकडे आहे. विषाणूचा जिनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर, वाचून त्याचा प्रवास शोधता येतो. हे काम कसे चालते, त्यातून भारतात आणि इतरत्र काय आढळले आणि त्यातून काय कळू शकत नाही, ते या लेखात पाहू. उत्तराचा गाभा आधीच सांगतो: मोठी साथ देशात एका माणसाबरोबर, एका दाराने येत नाही.

जिनोम म्हणजे काय?

प्रत्येक विषाणूत त्याच्या नव्या प्रती कशा बनवायच्या याची सूचना असते. ही सूचना चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. कोविडच्या विषाणूचा मजकूर साधारण ३०,००० अक्षरांचा आहे. माणसाच्या जिनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्या मानाने हा मजकूर फारच छोटा आहे आणि म्हणूनच तो पूर्ण वाचणे शक्य होते.

विषाणू आपल्या पेशीत शिरला की या मजकुराच्या असंख्य नकला होतात. नक्कल करताना कधीतरी एखादे अक्षर चुकते. या चुकीला आपण म्युटेशन किंवा उत्परिवर्तन म्हणतो. हा शब्द ऐकून अनेकांना धास्ती वाटते, पण बहुतेक म्युटेशनमुळे आजाराच्या तीव्रतेत काहीच फरक पडत नाही. कोरोना विषाणूकडे तर नक्कल तपासून चूक दुरुस्त करणारी स्वतःची यंत्रणा आहे, त्यामुळे त्याच्या चुका फ्लूच्या विषाणूपेक्षा कमी वेगाने साठतात. साथीच्या पहिल्या वर्षी एका साखळीत महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलत होती.

या चुका आपल्या उपयोगाच्या आहेत, कारण एकदा झालेली चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते.

पोथीच्या नकलांसारखा वंशवृक्ष

छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवून घेत. एका लेखनिकाने एक शब्द चुकवला की त्याच्या पोथीवरून ज्यांनी नक्कल केली, त्या सगळ्यांच्या पोथीत तीच चूक येई. दुसऱ्या गावातल्या लेखनिकाची चूक वेगळी, त्याच्या पोथीचा परिवार वेगळा. ज्ञानेश्वरीच्या नकलांत असे पाठभेद साचले होते म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत तयार केली. दोन पोथ्यांत एकसारखीच चूक दिसली, तर त्या एकाच पूर्वजाच्या नकला असाव्यात, हे ताडणे अवघड नसते.

विषाणूच्या बाबतीतही शास्त्रज्ञ हेच करतात. कल्पना करा की एका तालुक्यात एकाच आठवड्यात सहा रुग्ण सापडले. सहाही नमुन्यांचे जिनोम वाचले. पहिल्या चार नमुन्यांत तीन ठराविक बदल आढळले आणि तेच तीन बदल अ देशातील रुग्णांमध्ये महिनाभर आधी दिसले होते. उरलेल्या दोन नमुन्यांत यातला एकही बदल नाही. त्यांच्यात वेगळेच दोन बदल आहेत आणि ते ब देशात दिसले होते. नकाशावर हे सहा रुग्ण एकाच ठिकाणचे आहेत. वंशवृक्षावर मात्र ते दोन निरनिराळ्या फांद्यांवर बसतात. म्हणजे या तालुक्यात विषाणू निदान दोनदा, दोन वेगळ्या वाटांनी आला.

बदलांचा सरासरी वेग ठाऊक असल्याने वेळेचाही अंदाज बांधता येतो. दोन नमुन्यांत चार अक्षरांचा फरक असेल, तर त्यांचा सामाईक पूर्वज सुमारे महिनाभर मागे असावा, असा हिशेब मांडता येतो. दोन्ही फांद्यांवर बदल साठत असतात, हे त्यात धरलेले असते. यालाच आण्विक घड्याळ म्हणतात. हे मनगटी घड्याळासारखे मिनिट दाखवत नाही. ते फक्त "या दोन-तीन आठवड्यांच्या दरम्यान" इतकेच सांगते.

नमुन्यापासून निष्कर्षापर्यंत

नाकातला किंवा घशातला स्वॅब तुम्ही दिलेला असेल. आरटी-पीसीआर चाचणी त्या नमुन्यात विषाणू आहे की नाही एवढेच पाहते. जिनोम वाचणे हे त्याच्या पुढचे, वेगळे काम आहे.

१. पॉझिटिव्ह नमुन्यांतून काही निवडले जातात. नमुन्यात विषाणू पुरेसा असावा लागतो. रिपोर्टवर जे सीटी मूल्य लिहिलेले असते, ते जितके कमी, तितका नमुन्यात विषाणू जास्त. सीटी ३० च्या वर गेले की जिनोम पूर्ण वाचला जाण्याची शक्यता कमी होत जाते.

२. नमुन्यातला विषाणूचा आरएनए वेगळा काढतात, त्याचे डीएनएमध्ये रूपांतर करतात आणि त्याच्या भरपूर प्रती बनवतात.

३. सिक्वेन्सर नावाचे यंत्र या प्रतींचे लहान-मोठे तुकडे वाचते. संगणक ते तुकडे जुळवून पूर्ण मजकूर तयार करतो.

४. हा मजकूर मूळ संदर्भ जिनोमशी आणि जगभरातून जमा झालेल्या लाखो जिनोमशी ताडून पाहिला जातो.

५. शेवटी त्याला नमुन्याची तारीख, ठिकाण आणि रुग्णाचा प्रवास यांची जोड दिली जाते. ही जोड नसेल तर जिनोम म्हणजे पत्ता नसलेले पाकीट.

वुहानमधील विषाणूचा पहिला जिनोम चिनी शास्त्रज्ञांनी ११ जानेवारी २०२० रोजी जगासाठी खुला केला. त्यावरूनच जगभर चाचण्या आणि पुढे लसी तयार झाल्या. त्यानंतर प्रत्येक देशातील जिनोम जीसेड नावाच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात जमा होत गेले. तुलना करायला दुसरीकडचे जिनोम हाताशी असतील, तरच प्रवासाची वाट दिसते. म्हणून ही माहिती खुली असणे फार मोलाचे ठरले.

भारतात विषाणू कसा आला?

भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. वुहानहून परतलेली ती वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी होती. पुढच्या चार दिवसांत केरळमध्येच आणखी दोन रुग्ण सापडले, तेही वुहानहून आलेले. या तिघांपैकी दोघांच्या नमुन्यांतील विषाणूचा पूर्ण जिनोम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, वाचला.

दोन्ही रुग्ण एकाच शहरातून, एकाच सुमारास आलेले. तरी त्यांचे विषाणू तंतोतंत सारखे नव्हते. दोन्ही मजकुरांत इतका फरक होता की शास्त्रज्ञांनी हे देशातले दोन स्वतंत्र प्रवेश मानले. म्हणजे भारतात ज्या दिवसांत रुग्ण हाताच्या बोटांवर मोजता येत होते, तेव्हाही दार एक नव्हते.

ते तिन्ही रुग्ण बरे झाले. देशात मोठी लाट पसरली ती त्यांच्यापासून नव्हे. मार्च २०२० मध्ये इटली, इराण आणि इतर अनेक देशांतून प्रवासी येत होते. महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांचे निदान ९ मार्चला पुण्यात झाले, ते दुबईच्या सहलीहून परतले होते. इटली, इराण आणि चीनहून परतलेले भारतीय आणि भारतात आलेले इटालियन पर्यटक यांच्या नमुन्यांचा अभ्यासही एनआयव्हीने केला. इटलीशी संबंध असलेले विषाणू आणि इराणहून आलेले विषाणू वंशवृक्षावर वेगवेगळ्या फांद्यांवर बसले. आजार एकच असला, तरी वाटा अनेक होत्या.

ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक प्रवेश

देशात विषाणू किती वेळा शिरला, याचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. तिथे २०२० च्या मार्चमध्येच विद्यापीठे, रुग्णालये आणि सरकारी प्रयोगशाळा जिनोम वाचण्यासाठी एकत्र आल्या. पहिल्या लाटेतील ब्रिटनचे २६,००० हून अधिक जिनोम आणि इतर देशांतील जवळपास तितकेच जिनोम त्यांनी एकत्र तपासले. हा अभ्यास जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

ब्रिटनमध्ये विषाणूच्या हजाराहून अधिक स्वतंत्र साखळ्या बाहेरून येऊन रुजल्या होत्या. अभ्यासातील आकडा १,१७९ चा आहे आणि तोही किमान धरायचा. एकसारखा जिनोम असलेला विषाणू दोन प्रवाशांनी वेगवेगळा आणला, तर वंशवृक्षावर तो एकच प्रवेश दिसतो.

हे प्रवेश आले कुठून? लोकांची कल्पना होती की चीनमधून. जिनोम आणि प्रवाशांची आकडेवारी यांतून दिसले ते असे: सर्वांत मोठा वाटा स्पेनचा, सुमारे एक तृतीयांश. त्याखालोखाल फ्रान्स आणि मग इटली. थेट चीनमधून आलेला वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. ज्या काळात सगळ्यांची नजर एका देशाच्या विमानांवर होती, त्या काळात विषाणू शेजारच्या देशांतून, सुट्टी संपवून घरी परतणाऱ्या माणसांबरोबर येत होता. त्यातल्या बहुतेकांना आपण आजारी आहोत हेही ठाऊक नसावे.

आणखी एक गोष्ट. या हजारभर साखळ्यांपैकी बहुतेक छोट्या होत्या आणि लवकर विझल्या. थोड्याच साखळ्या वाढून देशभर पसरल्या. लॉकडाऊनच्या आधी शिरलेल्या साखळ्या जास्त मोठ्या झाल्या आणि जास्त काळ टिकल्या. म्हणजे विषाणू आत येणे आणि विषाणू पसरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ठिणग्या पुष्कळ पडतात. वणवा पेटतो तो वाळलेले गवत असेल तिथे. साथीच्या भाषेत हे गवत म्हणजे गर्दी, बंद हवा, तपासणीला झालेला उशीर आणि प्रतिकारशक्ती नसलेली माणसे.

मग विमाने थांबवून फायदा होतो का?

हा प्रश्न प्रत्येक लाटेत विचारला गेला. तीन उदाहरणे पाहू.

अल्फा: डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनने अल्फा या वेगाने पसरणाऱ्या प्रकाराची माहिती जाहीर केली. भारताने ब्रिटनची विमाने काही काळ थांबवली आणि आधीच आलेल्या प्रवाशांचे नमुने तपासायला घेतले. २९ डिसेंबरला ब्रिटनहून परतलेल्या सहा जणांमध्ये हा प्रकार सापडल्याचे जाहीर झाले. हे नमुने बेंगळुरू, हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी वाचले होते. विमाने थांबण्याआधीच विषाणू पोहोचला होता. याच महिन्यात जिनोम वाचणाऱ्या १० सरकारी प्रयोगशाळांचे इन्साकॉग हे जाळे उभे राहिले. त्यातल्या दोन पुण्यात आहेत, एनआयव्ही आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र.

डेल्टा: हा प्रकार बाहेरून आला नाही. त्याचे सर्वांत जुने नमुने भारतातील, ऑक्टोबर २०२० चे आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ भागात रुग्ण झपाट्याने वाढू लागले आणि महाराष्ट्रातील नमुन्यांत बी.१.६१७ या गटाचे बदल वाढत्या प्रमाणात दिसले. डेल्टा त्याच गटातला. पुढे तो जगभर गेला. इंग्लंडमधील अभ्यासात दिसले की प्रवासावर निर्बंध असूनही डेल्टा तिथे हजाराहून अधिक वेळा शिरला. एप्रिल २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्यांना हॉटेलात विलगीकरणात ठेवण्याची सक्ती झाली, तेव्हा त्या प्रवाशांकडून होणारा पुढचा प्रसार कमी झाला. पण ज्या साखळ्यांनी तिथे लाट आणली, त्या सक्तीच्या आधीच रुजल्या होत्या.

ओमायक्रॉन: नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी या प्रकाराची माहिती जगाला दिली. २ डिसेंबरला भारतातील पहिले दोन रुग्ण कर्नाटकात जाहीर झाले. त्यातला एक दक्षिण आफ्रिकेहून आलेला होता. दुसऱ्या रुग्णाने परदेश प्रवास केलेलाच नव्हता. आपण विमानतळावर शोध घेत होतो, तेव्हा विषाणू शहरात होता.

या तिन्हींतून एकच निष्कर्ष निघतो. प्रवासावरचे निर्बंध वेळ मिळवून देतात, कधी आठवडे, कधी फक्त काही दिवस. त्या वेळेत खाटा, ऑक्सिजन, चाचण्या आणि लसीकरण यांची तयारी झाली तर तो वेळ कारणी लागतो. दार लावून घेतले की आपण सुरक्षित, असे मानून बसलो तर तो वाया जातो.

'पेशंट झीरो'ची गोष्ट

जिनोमने एका माणसावरचा कलंक कसा पुसला, ते अमेरिकेतील एड्सच्या साथीत दिसले. १९८० च्या दशकात गाएतान द्युगा या कॅनडातील विमान कर्मचाऱ्याचे नाव पुढे आले. तो १९८४ मध्ये वारला. एका अभ्यासात त्याचा उल्लेख 'ओ' या इंग्रजी अक्षराने केला होता. त्याचा अर्थ कॅलिफोर्नियाबाहेरचा रुग्ण असा होता. ते अक्षर पुढे शून्य म्हणून वाचले गेले आणि 'पेशंट झीरो' हा शब्द रूढ झाला. १९८७ मध्ये आलेल्या एका गाजलेल्या पुस्तकानंतर याच माणसाने एड्स अमेरिकेत आणला असा समज घरोघरी पोहोचला.

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी १९७८-७९ सालचे न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोमधील साठवलेले रक्ताचे नमुने काढून त्यांतील एचआयव्हीचे जिनोम वाचले. त्यातून दिसले की विषाणू कॅरिबियन बेटांच्या बाजूने १९७० च्या आसपासच न्यूयॉर्कला पोहोचला होता आणि तिथून पसरत होता. द्युगाच्या शरीरातील विषाणू वंशवृक्षाच्या मुळाशी नव्हता. तो मधल्या कुठल्यातरी फांदीवर होता, हजारो इतर रुग्णांसारखा. त्याच्या नावावर तीस वर्षे जो आरोप होता, त्याला काही आधार नव्हता.

सर्वांत आधी सापडलेला रुग्ण आणि सर्वांत आधी लागण झालेला रुग्ण एकच असतात असे नाही. बहुतेक वेळा तपासणीला जो लवकर आला, ज्याने प्रवास लपवला नाही, ज्याने संपर्कातल्यांची नावे प्रामाणिकपणे सांगितली, तोच पहिला सापडतो. त्यालाच आपण गुन्हेगार ठरवले, तर पुढच्या वेळी कोणी तपासणीला येणार नाही.

गावांच्या आणि देशांच्या नावांचेही तसेच आहे. डेल्टाला सुरुवातीला 'इंडियन व्हेरियंट' म्हटले जाई. त्याचा त्रास परदेशातील भारतीयांना झाला. ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावे दिली, त्यामागे हे एक कारण होते. जो देश जिनोम वाचतो आणि लपवत नाही, तिथे नवा प्रकार आधी सापडतो. त्याला शिक्षा झाली तर इतर देश गप्प राहायला शिकतात.

जिनोम काय सांगू शकत नाही?

कोणाकडून कोणाला लागण झाली, हे फक्त जिनोमवरून ठरत नाही. साधा हिशेब करा. कोविडच्या सुरुवातीच्या काळात एका माणसाकडून दुसऱ्याकडे आजार जायला सरासरी पाच-एक दिवस लागत. अक्षर बदलायला साधारण दोन आठवडे. म्हणजे दोन-तीन माणसांच्या साखळीत सगळ्यांचा जिनोम हुबेहूब सारखा असू शकतो. घरातील चौघांचा जिनोम एक आला, तर विषाणू एका परिवारातला आहे इतकेच कळते. तो आधी आजोबांना झाला की नातवाला, हे त्यातून कळत नाही. चौघांना बाहेरच्या एकाच कार्यक्रमात लागण झाली असेल, तरी चित्र असेच दिसेल.

उलट बाजूने मात्र जिनोम ठामपणे बोलतो. दोघांच्या विषाणूत दहा-बारा अक्षरांचा फरक असेल, तर गेल्या आठवड्यात एकाकडून दुसऱ्याला लागण झालेली नाही, असे जवळपास खात्रीने म्हणता येते. आरोप सिद्ध करण्यापेक्षा खोडून काढायला हे साधन जास्त उपयोगी आहे.

दुसरी मर्यादा नमुन्यांची. ज्या देशात फार थोडे जिनोम वाचले जातात, तिथून आलेला विषाणू दुसऱ्याच देशातून आल्यासारखा वाटू शकतो. म्हणून जिनोमला प्रवासाच्या नोंदी आणि रुग्णांशी बोलून मिळवलेली माहिती यांची जोड लागतेच. आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघरी जाऊन जे विचारतात, ते जिनोम वाचण्याइतकेच महत्त्वाचे असते.

रुग्ण आणि नातेवाईक विचारतात ते प्रश्न

*माझा नमुना सिक्वेन्सिंगला पाठवला आहे. म्हणजे माझा आजार गंभीर आहे का?*
नाही. नमुने निवडण्याची कारणे वेगळी असतात. परदेश प्रवास, एकाच ठिकाणी अचानक वाढलेले रुग्ण, लसीनंतर झालेली लागण, रुग्णालयात दाखल होणे, किंवा सरळ ठराविक प्रमाणात उचललेले नमुने.

*त्याचा रिपोर्ट मला मिळेल का? उपचार बदलतील का?*
सिक्वेन्सिंगला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तोवर बहुतेक रुग्ण बरे झालेले असतात. हे काम मुख्यतः सार्वजनिक आरोग्यासाठी असते, त्यामुळे वैयक्तिक रिपोर्ट बहुधा मिळत नाही. तुमचे उपचार लक्षणे, वय, ऑक्सिजनची पातळी आणि इतर आजार पाहून ठरतात. उपचारांचे सर्वसाधारण धोरण मात्र जिनोमच्या माहितीवरून बदलू शकते. ओमायक्रॉन आल्यावर आधी वापरात असलेली काही अँटिबॉडी औषधे त्यावर निष्प्रभ ठरली आणि मागे पडली.

*यात माझाही डीएनए वाचला जातो का?*
उद्देश विषाणूचा मजकूर वाचण्याचा असतो. संग्रहात जो मजकूर जमा होतो तो विषाणूचा. त्यासोबत साधारणपणे नमुन्याची तारीख, राज्य किंवा जिल्हा, वय यांसारखी माहिती असते, रुग्णाचे नाव नसते.

*प्रवासाची माहिती डॉक्टरांना सांगितली तर अडचण होईल अशी भीती वाटते.*
ती जरूर सांगा. कुठे गेला होता, कधी परतलात, सोबत कोण होते, एवढी माहिती उपचारांसाठी आणि इतरांना वेळेत सावध करण्यासाठी पुरेशी असते. डॉक्टर ती तुमच्यावर ठपका ठेवण्यासाठी विचारत नाहीत.

*माझ्यामुळे घरातल्या कोणाला आजार झाला असे वाटून मन खात राहते.*
घरात पहिला खोकला तुमचा होता, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. लक्षणे दिसण्याआधीही विषाणू पसरतो आणि काहींना लक्षणे येतच नाहीत. लाटेच्या काळात एकाच घरात तो दोन वाटांनी येऊ शकतो. खरोखर तुमच्याकडून गेला असेल, तरी तो तुम्हाला ठाऊक नसताना गेला. ही सल झोप किंवा जेवण बिघडवत असेल, तर तुमच्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी जरूर बोला. यावरही मदत मिळते.

पुढच्या साथीत तुम्ही काय कराल?

- ताप, खोकला असेल तर घरातल्या वृद्धांपासून आणि मधुमेह, दमा, किडनीचा आजार असलेल्यांपासून दूर राहा, मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा.
- तपासणी लवकर करून घ्या. दम लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, ओठ निळसर पडणे यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.
- डॉक्टरांनी सुचवलेली लस वेळेवर घ्या.
- प्रवास आणि संपर्क याबद्दल खरे सांगा आणि दुसऱ्याने सांगितले तर त्याचे नाव, फोटो किंवा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.
- शेजारी कोणी पॉझिटिव्ह आले तर दारात दूध, भाजी, औषधे ठेवून या. अंतर ठेवूनही हे करता येते.

ब्रिटनमध्ये विषाणू हजाराहून अधिक वेळा शिरला आणि भारतात अगदी पहिल्या आठवड्यातच तो दोन वेगळ्या फांद्यांवर होता. इतक्या दारांनी येणाऱ्या गोष्टीसाठी एका घराकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. "कोणी आणला?" हा शोध प्रयोगशाळेवर सोपवा. आपल्या घरी आणि आपल्या गल्लीत विचारायचा प्रश्न एवढाच, की इथून पुढे तो कोणाला लागू नये म्हणून आज काय करायचे.